शुद्ध, स्वच्छ आणि सोवळे
(दोहा येथील चर्चेत केलेले भाषण)



कतारमध्ये वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही. नदी तर नाहीच. आपल्या नळाचे पाणी म्हणजे भरपूर ऊर्जा खर्चून गोडे केलेला समुद्र. असे पाणी एकदाच वापरून टाकून देणे परवडणारे नाही. म्हणून इथे सांडपाणी शुद्ध करून झाडांना, चारापिकांना आणि इमारती थंड ठेवणाऱ्या केंद्रांना देतात. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण 'हेच पाणी आणखी शुद्ध करून प्यायचे का?' असे विचारले, की आपल्यातले इंजिनिअरही नाक मुरडतात.

ही किळस केवळ आपलीच नव्हे. ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा शहराने ऐन दुष्काळात, २००६ साली, सार्वमत घेऊन असे पाणी नाकारले. उलट नामिबियाची राजधानी विंडहूक ते १९६८ पासून पीत आली आहे.

इथे धर्म आडवा येईल, असे आपण गृहीत धरतो. पण शेजारच्या सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांनी १९७८ सालीच सांगितले, की रंग, चव, वास यांत अशुद्धीची खूण उरली नसेल तर ते पाणी पवित्र आहे, वुजूलाही चालेल. पिणे शक्यतो टाळावे, पण ते आरोग्याच्या काळजीने, अपवित्र म्हणून नव्हे.

त्यांचा प्रश्न होता, पाणी आता कसे आहे? आपली परंपरा विचारते, ते कुणी शिवले? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी दलितांनी प्यायल्यावर सनातन्यांनी त्यात शेण आणि गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले! याच विटाळाच्या कल्पनेमुळे गटारात उतरायला आजही ठरावीक जातींचीच माणसे लागतात.

आणि गावाकडे आपण काय पितो? पुण्याचे सांडपाणी, त्यातले बरेचसे धड शुद्ध न करता, मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी धरणात जाते. सोलापूरला पिण्याचे पाणी उजनीतून मिळते. वारकरी पंढरपुरात स्नान करतात ते याच भीमेत. म्हणजे पुनर्वापर चालूच आहे, फक्त तो कुणी कबूल करत नाही.

शंका जरूर घ्यावी. जंतू, क्षार, औषधांचे अंश यांच्या तपासण्या कोण करतो, त्यांचे निकाल लोकांसमोर ठेवले जातात का, हे खडसावून विचारावे. त्या कसोटीला पाणी उतरले नाही, तर खुशाल नाकारावे. पण पाण्याचे कूळ विचारू नये.