आंजीहून रामटेकला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या बैठकीत चार गोष्टी सांगणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. पण आपल्या चिटणीसबाईंनी बजावले, "दुसरे काही नको, रामटेकचे तेवढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले तर आपल्याच घरची समजून सांभाळून घ्या.

2023 साली त्रिपुरी पौर्णिमा नोव्हेंबरच्या 26 तारखेला, रविवारी आली होती. आमच्या लग्नाला तेव्हा 31 वर्षे झाली होती, आणि तेवढ्या काळात आम्ही दोघेच असे कोठेही गेलो नव्हतो. लग्नकार्य, दवाखाना, कोर्टाची तारीख, मुलाचे कॉलेज, एवढ्यासाठी नागपूरचा रस्ता शंभर वेळा पाहिला असेल. पण वाटेत थांबलो ते चहापुरते. त्या वर्षी यांच्याच मनात आले. म्हणाले, "रामटेकचे दिवे पाहून येऊ. शनिवारी निघू, सोमवारी सकाळी घरी."

भगिनींनो, कार्तिक म्हणजे आपल्याकडे काय असते ते तुम्हाला सांगायला नको. सीतादही होऊन महिना झालेला, पऱ्हाटी पांढरी फुटलेली, आणि वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून घरोघर रडगाणे. सासरे गेल्यापासून आमचे शेत सासूबाईंच्या नजरेखालचे. त्यांच्या कानावर घातले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "कापूस वावरात फुटून रायला, न तुमी दिवे पाहाले चाल्ले?" आभाळही जरा भरून येत होते. मी पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. शेवटी हे मोटारसायकल सुरू करून उभे राहिले आणि मी मागे बसले.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून जुन्याच रस्त्याने गेलो. बरे झाले. नाहीतर पवनार कोठे लागले असते?

वर्ध्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर 1928 साली सर्वांना खुले झाले, ते आपण जाणतोच. तेथे हात जोडून पुढे निघालो आणि पवनारला धामच्या काठी उतरलो. मी बाहेरूनच पाहिलेली ती वास्तू. 1959 साली विनोबांनी तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले, ते बहिणींसाठी. साधना बायकांनी करावी, शेती त्यांनीच पाहावी आणि निर्णयही त्यांनीच एकमताने घ्यावे, ही त्यामागची कल्पना. विनोबांनी देह ठेवला तो 15 नोव्हेंबर 1982 रोजी, ऐन दिवाळीत. आत रोषणाई म्हणाल तर काही नाही. विनोबांना शेत खणताना सापडलेली भरत-रामाची मूर्ती मात्र आहे. वनातून परतलेला राम भरताला भेटतो आहे, अशी ती जुनी शिळा. तिच्यापुढे हे बराच वेळ उभे होते. त्यांच्या भावाशी आमचे बोलणे बंद आहे हे गावाला ठाऊकच आहे, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही.

केळझरला गणपतीचे दर्शन घेतले. एकचक्रानगरी म्हणतात ती हीच, भीमाने बकासुराला मारले ती. यांनी तेथे तीन प्लेट भजी खाल्ली, तेव्हा मला बकासुराची आठवण आल्यावाचून राहिली नाही. रात्री नागपूरला नणंदेकडे मुक्काम केला. त्यामुळे रामटेकची वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा हुकली. तिथले देखावे पाहण्यासारखे असतात असे नणंदबाईंनी दोनदा सांगून घेतले.

रविवारी रामटेकच्या अलीकडे नगरधनला थांबलो. आज दिसतो तो किल्ला भोसल्यांच्या काळचा. पण गाव फार जुने, वाकाटकांचे नंदिवर्धन. दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी तेथे प्रभावतीगुप्ता नावाची राणी राज्य करीत होती. उज्जैनपर्यंत सत्ता नेणाऱ्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुले लहान. तिने मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. तिचा एक ताम्रपट मुलाच्या तेराव्या वर्षातला आहे; म्हणजे तेरा वर्षे तरी तिने एकटीने राज्य सांभाळले. त्या दानपत्रात तिने सासरचे नाव सांगितलेच, पण माहेरचे कुळ आणि गोत्रही सोडले नाही. आणि दान दिले ती तिथी कोणती? कार्तिक शुद्ध द्वादशी, एकादशीचा उपास सोडण्याचा दिवस. म्हणजे आम्ही गेलो त्याच पंधरवड्यातली.

2015 ते 2018 या काळात नगरधनला उत्खनन झाले, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. ब्राह्मी अक्षरे आणि वर शंख. एवढी मोठी राणी, आणि हाती लागावा तो मातीचा लहानसा ठसा! आणखी एक ऐका. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन, त्याने राजधानी प्रवरपूरला नेली. वा. वि. मिराशींच्या मते प्रवरपूर म्हणजे आपले पवनार, आणि तिथल्या रामायणाच्या शिळा त्याने बांधविलेल्या रामाच्या देवळातल्या. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' हे काव्य लिहिले, तेही रामाचेच. म्हणजे आईचे गाव आणि मुलाचे गाव पाहत आम्ही दोन दिवस एकाच घराण्याच्या अंगणातून चाललो होतो.

रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाचे देऊळ आहे. लाल दगडाची, गुडघा उभा करून बसलेली भव्य मूर्ती. तिथल्या भिंतीत त्या काळचा एक लेख आहे. अभ्यासक सांगतात की त्यात प्रभावतीच्या लेकीने आईच्या नावे केलेल्या पुण्यकार्याचा उल्लेख आहे. अक्षरे मला वाचता येईनात. तरी मी तिथे हात लावून आले.

संध्याकाळ झाली आणि पायऱ्यांवर पणत्या लागू लागल्या. विजेच्या रंगीत माळाही होत्या, पण त्या सतत उघडमीट करतात, डोळा ठरत नाही. पणतीचे तसे नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी मला आपल्यातल्या पाच वाती दिल्या, "लाव माय" म्हणाल्या. मी लावल्या, वाऱ्याने दोन विझल्या, यांनी ओंजळ धरली तेव्हा पुन्हा लागल्या. गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यरात्री मंदिराच्या माथ्यावर त्रिपुर पेटला आणि सगळा गड "जय श्रीराम" म्हणून उठला. खाली अंधारात मैलोगणती शेते होती. मला त्या क्षणी, खरे सांगते, आमची पऱ्हाटी आठवली.

सोमवारी घरी आलो आणि अवकाळी पावसाने गाठलेच. वेचायचा राहिलेला कापूस भिजला. किती नुकसान झाले त्याचा आकडा येथे सांगत नाही, पण ते आम्हाला जाणवले. दोन दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्याजवळ उत्तरही नव्हते. गेलो नसतो तर दोन दिवसांत सगळा वेचून झाला असता असे नाही, पण थोडा तरी वाचला असता.

तिसऱ्या दिवशी पडवीत ओला कापूस पसरत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "ते राणी राणी म्हणतं, तिले पोरं किती?"

मी म्हटले, तीन मुलगे, एक मुलगी.

"न नवरा?"

लवकर गेला.

त्या बराच वेळ बोंडातला कचरा काढीत राहिल्या. मग म्हणाल्या, "न राज्य किती वर्सं पायलं तिनं?"

मी म्हटले, तेरा वर्षे तरी.

"म्या अठरा वर्सं पायलं," सासूबाई म्हणाल्या, आणि टोपली माझ्याकडे सरकवली.