काठावरचे कर्णधार

कर्णधार ह्या शब्दाचा मूळ अर्थ नावेचे सुकाणू हाती धरणारा असा आहे. खेळाच्या मैदानावर तो संघनायकासाठी रूढ झाला आणि तेथे तो शोभूनही दिसतो. नाव एक, सुकाणू एक आणि ते धरणारे हातही मोजकेच असतात. परंतु काठावर उभे राहून नाव कोणीकडे वळवावी हे सांगणाऱ्यांची संख्या मात्र अगणित असते. त्यांतही नवलाची गोष्ट अशी, की नाव खडकावर आपटली म्हणजे ती कोठे वळवायला हवी होती हे त्यांपैकी प्रत्येकाला अचूक उमगते. ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या गावी खेळांचे सामने होत नसले, तरी अशी माणसे असलीच पाहिजेत.

रायपूर हे अशा काठावरच्या कर्णधारांचे एक रसरशीत नगर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि छत्तीसगढी, हिंदी व मराठी ह्या तिन्ही भाषांतून तेथे खेळाचा काथ्याकूट चालतो. सामना संपला, की पानठेल्यापाशी चार मंडळी जमतात. अमक्याला आधी का पाठविले नाही, तमक्याला बाहेर का बसविले, ऐन वेळी ती हुलकावणी देण्याचा आचरटपणा कोणी सांगितला, अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तराची अपेक्षा नसते, कारण ते त्यांच्यापाशी आधीच तयार असते. ह्या चर्चेत करमणूक पुष्कळ असते. परंतु ती न्यायाची असते काय, हा विचार सहसा कोणी करीत नाही. रायपुरातच झालेले काही सामने ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला हॉकीचा. 2015 च्या नोव्हेंबर-डिसेंबर महिन्यांत रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल आंतरराष्ट्रीय हॉकी मैदानावर जागतिक हॉकी लीगची अंतिम स्पर्धा भरली. भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक होते रोलंट ओल्टमन्स. त्यांच्या आधीचे प्रशिक्षक पॉल व्हॅन आस ह्यांना त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात निरोप मिळाला होता, त्यामुळे नवे सुकाणू हाती येऊन ओल्टमन्स ह्यांना अवघे काही महिने झाले होते. आरंभ निराशाजनक झाला. अर्जेंटिनाकडून पराभव, जर्मनीशी बरोबरी, नेदरलँड्सकडून पुन्हा पराभव! गटात एकही विजय नाही. ह्या टप्प्यावर संघनिवडीपासून व्यूहरचनेपर्यंत सगळेच चुकले आहे असा निकाल काठावर लागला असल्यास आश्चर्य नाही. पुढे उपान्त्यपूर्व सामन्यात भारताने ग्रेट ब्रिटनला हरविले, उपान्त्य सामन्यात बेल्जियमकडून एका गोलाने हार खाल्ली, आणि 6 डिसेंबर रोजी कांस्यपदकासाठी तोच नेदरलँड्सचा संघ पुन्हा समोर उभा ठाकला. प्रशिक्षक स्वतः डच, आणि प्रतिस्पर्धीही डच!

त्या सामन्यात पिछाडीवरून भारताने आघाडी घेतली, शेवटच्या काही मिनिटांत ती गमावली, आणि सामना 5-5 असा बरोबरीत सुटला. मग निर्णय शूटआउटवर आला. ह्या प्रकारात तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन एकट्या खेळाडूने एकट्या गोलरक्षकाला आठ सेकंदांत चकवायचे असते. ज्याची हूल पचली तो वीर. ज्याची फसली तो अपराधी. भारताने 3-2 अशी बाजी मारली, आणि जागतिक पातळीवरील स्पर्धेतील पदकाचा तेहतीस वर्षांचा दुष्काळ संपला.

आता क्षणभर कल्पना करावी, की गोलरक्षक श्रीजेश ह्यांचा एखादा अडाखा चुकला असता आणि तो निकाल उलटा लागला असता. ओल्टमन्स ह्यांनी आखलेले डावपेच तेच, निवडलेले खेळाडू तेच, मध्यंतरात सांगितलेले शब्दही तेच राहिले असते. बदलले असते ते फक्त पानठेल्यावरचे मत. जी धीराची नीती ठरली तीच दिरंगाई ठरली असती, आणि दोन गोलांची आघाडी राखता न येणे हा प्रशिक्षकाच्या नालायकीचा पुरावा मानला गेला असता. एका चेंडूच्या दिशेवर ज्या मताचे अस्तित्व अवलंबून आहे, त्याला मत म्हणावे की पडसाद म्हणावे?

क्रिकेटने हीच शंका अधिक गमतीने समोर मांडली. नवा रायपूर येथील मैदानाला 1857 साली रायपुरात फाशी गेलेल्या शहीद वीर नारायणसिंहांचे नाव दिलेले आहे. तेथला पहिला आंतरराष्ट्रीय सामना 21 जानेवारी 2023 रोजी भारत आणि न्यूझीलंड ह्यांच्यात झाला. नाणेफेक जिंकल्यावर काय घ्यायचे ठरले होते, हेच भारताचा कर्णधार रोहित शर्मा विसरला! डोक्याला हात लावून तो काही क्षण तसाच उभा राहिला, आणि मग त्याने क्षेत्ररक्षण घेतले. न्यूझीलंडचे पहिले पाच गडी 15 धावांत परतले आणि सारा डाव 108 धावांत आटोपला. भारताने आठ गडी राखून सामना खिशात घातला. त्या विसराळूपणावर लोक हसले, पण कोपले नाहीत. विजयाने त्याला लोभस स्वभावविशेष बनविले. पराभव झाला असता, तर तोच अक्षम्य बेजबाबदारपणा ठरला असता.

त्याच मैदानावर 3 डिसेंबर 2025 रोजी चित्र पालटले. विराट कोहलीच्या 102 आणि पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या 105 धावांच्या बळावर भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 358 धावा उभारल्या. ऋतुराजचे एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतले ते पहिले शतक. तरीही आफ्रिकेने चार चेंडू आणि चार गडी राखून सामना जिंकला. नाणेफेकीचा कौल भारताच्या विरुद्ध गेला होता, आणि तो सलग विसाव्या एकदिवसीय सामन्यात विरुद्ध गेला होता. रात्री दव पडले, चेंडू ओला झाला, गोलंदाजांच्या बोटांतून तो निसटू लागला. तरीही शेवटी आणखी पंचवीस धावा का काढल्या नाहीत, अमुक गोलंदाजाला ते षटक का दिले, हे प्रश्न कर्णधार के. एल. राहुल ह्याच्याच वाट्याला यायचे. ह्यांतले काही प्रश्न रास्तही असतात. परंतु नाणे कोणीकडे पडावे आणि दव किती पडावे, हे कर्णधाराच्या हाती नसते, एवढे तरी न्यायनिवाड्यात धरले पाहिजे.

ह्या ठिकाणी रायपूरच्याच एका थोर मराठी माणसाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे पंडित माधवराव सप्रे ह्यांनी लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला. कोणत्याही कर्माचा कस त्याच्या बाह्य फळावरून लावू नये, तर कर्त्याच्या बुद्धीवरून लावावा, हे त्या ग्रंथातील एक प्रमुख प्रतिपादन आहे. लोकमान्यांनी ते नीतीच्या संदर्भात मांडले. खेळातील व्यूहरचना हा नीतीचा प्रांत नव्हे, हे खरे. तरीसुद्धा परीक्षेची रीत तीच लागू पडते. निर्णय घेताना त्या माणसाला काय ठाऊक होते? त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग खुले होते? आणि फसल्यास काय गमवावे लागेल, ह्याचा हिशेब त्याने मांडला होता काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे निकाल लागण्यापूर्वी जशी असतात, तशीच निकालानंतरही राहतात.

गॅरी सोबर्सचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. 1968 साली पोर्ट ऑफ स्पेन येथील कसोटीत त्याने वेस्ट इंडीजचा दुसरा डाव दोन बाद 92 वर घोषित केला आणि इंग्लंडपुढे 165 मिनिटांत 215 धावांचे आव्हान ठेवले. इंग्लंडने ते काही मिनिटे राखून पेलले, आणि त्या एका विजयावर मालिकाही जिंकली. सोबर्सवर टीकेचे आगडोंब उसळले. उलटपक्षी, 1971 साली किंग्स्टन येथे पहिला दिवस पावसात वाहून गेल्यामुळे फॉलोऑनसाठी दीडशे धावांची आघाडी पुरेशी ठरते, हा नियम अजित वाडेकरने नेमका ध्यानात ठेवला आणि 170 धावांच्या आघाडीवर त्याच सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीस बोलाविले. तो सामना अनिर्णित राहिला. म्हणून काय त्या निर्णयाची धार बोथट झाली?

डावपेच आणि कपट ह्यांतला भेदही काठावर बहुधा पुसला जातो. कुस्तीत वर हूल दाखवून खाली पट काढणाऱ्या मल्लाला कोणी लबाड म्हणत नाही. हॉकीतील पेनल्टी कॉर्नरला सरळ फटक्याचा आव आणून चेंडू बाजूला सरकविणे हेही त्याच जातीचे. 1976 साली बेलग्रेडमध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पानेन्काने निर्णायक पेनल्टी जोराने न मारता अलगद मधोमध उचलली. पश्चिम जर्मनीच्या गोलरक्षकाने आधीच एका बाजूला झेप घेतली होती. आज ती युक्ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. गोलरक्षक जागीच उभा राहिला असता, तर त्याच नावाची थट्टा झाली असती. मात्र 1981 साली मेलबर्नला शेवटचा चेंडू सरपटत टाकण्याचा हुकूम ग्रेग चॅपेलने आपल्या भावाला दिला, तो तत्कालीन नियमांत बसत होता आणि सफलही झाला. तरीही त्याला कोणी चातुर्य म्हटले नाही. निकालावाचूनही निवाडा करता येतो, हे लोकांनी त्या दिवशी स्वतःच सिद्ध केले. पानेन्काने प्रतिस्पर्ध्याला खेळून चकविले; चॅपेलने त्याला खेळूच दिले नाही.

ह्या सगळ्यात पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. फळावरूनच दोष द्यायचा ठरला, म्हणजे सुकाणू धरणारा माणूस नाव पैलतीरी नेण्याचा विचार सोडून आपल्यावर बोल येणार नाही एवढाच मार्ग शोधू लागतो. तो नवा खेळाडू आजमावीत नाही, नवी हूल योजीत नाही. सर्वांनी जे केले असते तेच करून सन्मानाने हरतो. रायपुरात पदक मिळवून देणाऱ्या ओल्टमन्स ह्यांनाही दोनच वर्षांनी, 2017 च्या सप्टेंबरमध्ये, पदावरून दूर करण्यात आले. त्या निर्णयाचे गुणदोष काहीही असोत; परंतु प्रशिक्षक वरचेवर बदलणाऱ्या संघाला धाडसी खेळ शिकविण्यास कोण धजेल?

म्हणून काय काठावरच्यांनी मौन धरावे? मुळीच नाही. ज्या खेळाविषयी कोणी भांडत नाही, तो खेळ मेलेला असतो. जाणता प्रेक्षक हा खेळाचा पहारेकरी आहे, आणि मैदानावरच्या निर्णयाची पारख करता करताच माणूस सभेतल्या व संसारातल्या निर्णयांचीही पारख शिकतो. केवळ एक पथ्य त्याने पाळावे. आपले मत त्याने चेंडू सुटण्यापूर्वी मोठ्याने सांगावे, आणि नंतर निकाल काहीही लागो, त्या मताशी प्रामाणिक राहावे. ज्याला हे साधले, त्याला सुकाणू धरणाऱ्याच्या हातांवरचा ताण कळू लागतो. आणि तो कळलेल्या माणसाची टीका कितीही कठोर असली, तरी ती ऐकण्याजोगी असते.