दखलपात्र म्हणजे काय?

(एका सभेत दिलेले भाषण)



कोर्टकचेरीची भाषा ही आपल्या घरची भाषा नव्हे. तिच्यातील काही शब्द फारसीतून आले, काही इंग्रजीतून, आणि पुढे अनेकांवर संस्कृतचा अंगरखा चढविण्यात आला. अर्थ न कळल्यामुळे हातचा न्याय जातो, म्हणून त्यांतील दोनचार शब्द मी आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

पहिला शब्द 'दखलपात्र'. ज्या गुन्ह्याचा तपास पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून करता येतो व वॉरंटाशिवाय अटकही करता येते, तो दखलपात्र गुन्हा. ज्यात असे करता येत नाही, तो अदखलपात्र. या एका 'अ'ने काय होते ते पाहा. समजा, विहिरीवर एका बाईला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली, मारही बसला. ती ठाण्यावर जाते. अंमलदार नोंदवहीत चार ओळी लिहितो, हाती चिठ्ठी देतो आणि म्हणतो, 'नोंद झाली बाई, घरी जा.' ती समाधानाने परतते. परंतु ती नोंद जर अदखलपात्र असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय त्या चार ओळींचा तपास होणार नाही. महिने जातात, साक्षीदार पांगतात, आणि ती बाई म्हणत राहते, 'मी केस केली आहे.' केस झालेलीच नसते! म्हणून चिठ्ठीवर काय लिहिले आहे, ते तेथेच उभे राहून विचारावे. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असून त्यांतील एकही दखलपात्र असला, तर कायदा संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील जातिवाचक अपमानाचा गुन्हा दखलपात्रच आहे.

दुसरा शब्द 'प्रथम खबर', ज्याला लोक एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पूर्वीचे १५४ वे कलम आता १७३ वे झाले. तोंडी सांगितलेली खबर अधिकाऱ्याने लिहून घ्यावी, वाचून दाखवावी व मगच सही घ्यावी. तिची नक्कल फुकट मिळते. अधिकारी नोंद घेत नसेल, तर खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अत्याचाराच्या प्रकरणी 'आधी चौकशी करू, मग नोंदवू' हे उत्तर चालत नाही. २०१८ साली घातलेल्या १८-अ कलमाने तशी प्राथमिक चौकशी अनावश्यक ठरविली आहे.

कोणी म्हणेल, 'तुम्ही तर बौद्ध झालात, तुम्हांस हा कायदा कसा लागू?' १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, एवढे उत्तर त्यास पुरे.

'जामीन' या शब्दाने आपली माणसे फार खचतात. आरोपी जामिनावर सुटला की 'केस हरलो' असे समजून साक्षीदार घरी बसतात. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे; खटल्याच्या तारखांना हजर राहण्याच्या हमीवर मिळालेली ती तात्पुरती मोकळीक आहे. त्या कायद्याच्या १५-अ कलमाप्रमाणे जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडितास मिळाली पाहिजे आणि तेथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्कही त्यास आहे. सूचना आली नसेल, तर सरकारी वकिलास तसे लेखी कळवा आणि त्या कागदाची पोच घ्या.