आगबोटीवर चाकांची खुर्ची



कामगार चळवळीतल्या माणसाने जलपर्यटनावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. कारण घरगुती आहे. सात वर्षांपूर्वी सौ.चे उजवे अंग अर्धांगवायूने गेले, आणि तेव्हापासून तिचे जग घर, दवाखाना आणि मधला जिना एवढेच उरले. समुद्र पाहण्याचा हट्ट तिचा. आगबोटीत एक सोय अशी की, मुक्काम बदलावा लागत नाही. चालायचे काम जहाज करते. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुंबईहून निघून लक्षद्वीपपर्यंत जाऊन आलो.

अपंगांच्या खोलीचे दार रुंद असते, न्हाणीघराला उंबरठा नसतो, भिंतीला धरायला दांडे असतात. अशा खोल्या मोजक्याच, तेव्हा आधीच मागून घ्यावी. जेवणखाण उत्तम, त्याचे वर्णन करीत बसत नाही.

लक्षद्वीपला मात्र घोडे अडले. प्रवाळाच्या कड्याच्या आत पाणी उथळ, म्हणून मोठे जहाज बाहेरच थांबते आणि माणसे लहान होडीने किनाऱ्यावर नेतात. होडी हलते, जहाजही हलते. तिथे खुर्ची उतरवता येत नाही, हे आम्हांला बेट दिसू लागल्यावर सांगण्यात आले! सौ. म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मला इथून दिसतं." आम्ही गेलो नाही. समुद्राशी आमचे भांडण नाही. तिकिटाचे पैसे घेताना तोंड मिटून बसणाऱ्यांशी आहे.

याहून मोठी गोष्ट निराळीच. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आपटून कलंडले आणि 32 माणसे दगावली. त्यानंतर संकटाची कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेण्याचा नियम झाला. आमचीही झाली. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, असे तिथे बजावले. मग सौ.ला जिन्यावरून कोण नेणार? आमच्या खोलीकडे पाहणारा रत्नागिरीकडचा पोरगा चटकन म्हणाला, "आम्ही दोघं उचलून नेऊ काकींना, तुम्ही घोर करू नका."

पोरगा शब्दाचा पक्का दिसला. पण आमची खोड जात नाही; त्याला कामाचे तास विचारले, तर तो नुसता हसला. आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावरच्या कामगाराला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती हवी. भारताने तो करार 2015 साली मान्य केला. म्हणजे 14 तास राबविले तरी ते कायद्यात बसते. इतके राबून तो निजला असता घंटा झाली तर? मदत लागणाऱ्या प्रवाशांची नोंद निघण्यापूर्वी कप्तानाकडे द्यावी लागते. सौ.चे नाव त्या यादीत होते, पण तिला उचलणाराचे नाव कुठेच नव्हते. कारखान्यात प्रत्येक यंत्रावर माणूस नेमलेला असतो, आणि इथे जिवंत माणसाचा भार एका पोराच्या चांगुलपणावर! त्या कामाची ना हजेरी, ना शिकवणी, ना मोबदला.

अपंगांच्या हक्कांचा कायदा आपल्याकडे 2016 साली झाला आहे. त्याचा आधार घेऊन आम्ही कंपनीला पत्र धाडले. उत्तरात सहानुभूती भरपूर आहे. दुसरे पत्र सौ.ने स्वतः, डाव्या हाताने लिहिले. त्यात दोनच प्रश्न आहेत: बेटावर खुर्ची उतरत नाही हे तिकिटावर छापणार काय, आणि पाळीवरच्या दोघांची नावे खोलीच्या दारामागे लावणार काय?