आत्या कानात सांगते, दाखल्याचं काय?

भिलाईच्या टाउनशिपमधल्या मराठी बाळाचं कौतुक दोन रीतींनी होतं. सहाव्या दिवशी छत्तीसगढी शेजारणी छट्ठीला येतात, सोहर ही जन्मगीतं गातात, कांके पानी हा काढा पितात. त्याच रात्री घरची आजी सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवते. बाराव्या दिवशी बारसं: पाळणा, घुगऱ्या, आत्यानं कानात सांगितलेलं नाव आणि आत्याच्या पाठीत धपाटे!

सगळं साग्रसंगीत होतं. जन्मदाखल्यावर मात्र नावाची जागा रिकामीच.

जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इस्पितळ ती कळवतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण तेव्हा नाव ठरलेलं नसतं. रास म्हणते ‘चू, चे, चो, ला’, आजोबांना कुलदैवताचं नाव हवं, आईबाबा मोबाइलवर शोधतात. पूर्वी मूल जगावं म्हणून मराठी घरांत दगडू, धोंडू ठेवत. छत्तीसगढात ‘विकत घेतलेला’ म्हणून बिसाहू. निदान ती माणसं चटकन ठरवत तरी!

रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या भिलाईकरांना रूळ नवे नाहीत. रूळ तापलेला असतानाच त्यावर कारखान्याची खूण आणि पोलादाच्या घाण्याचा क्रमांक उमटतो. थंड झाल्यावर उमटवायचं म्हटलं तर खटपट. नावाचंही तेच. बारा महिन्यांच्या आत ते नोंदीत विनाशुल्क घालता येतं; पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तोवर रूळ पार गार झालेला असतो.

लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. जगानं ओळखलं बाळ म्हणून. त्यांचं निभावलं, कारण तेव्हा जन्मदाखला कुणी मागत नव्हतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

म्हणून पुन्हा सांगतो, कुणाचं लक्ष पाळण्याकडे असेल तर: नाव कानात सांगून भागत नाही. येत्या बारशाला जाल तेव्हा घुगऱ्या खाता खाता बाळाच्या बाबांना एवढंच विचारा, ‘नाव नोंदवलंत का?’