वॉल्ट्झचं गाणं पायांनी निवडावं



तुळशीचं लग्न लागलं, खळ्यावरचं भात घरात आलं की आमच्या शहापूर-मुरबाडकडे मुहूर्तमेढी रोवल्या जायला लागतात, आणि माझा फोन वाजायला लागतो. मी पेटी-व्हायोलिन शिकवणारा माणूस. पूर्वी फोन यायचा तो मंगलाष्टकांसाठी, फार तर स्वागतगीतासाठी. आता किन्हवलीहून, सरळगावहून, खर्डीहून मुलं विचारतात, "मास्तर, कपल डान्स करायचाय. ते इंग्रजी पिक्चरमधे गोल गोल फिरतात ना, तसा. गाणं सांगा ना एखादं."

ते गोल गोल फिरणं म्हणजे वॉल्ट्झ. शब्द मूळ जर्मन, अर्थ गिरकी घेणं, गरगरणं. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या खेड्यापाड्यांतल्या गिरकीच्या नाचांतून तो वर आला आणि राजवाड्यांत पोचला. म्हणजे जन्म शेतकऱ्याच्या अंगणातलाच. राजवाड्यात पोचल्यावर मात्र आरडाओरडा झाला. पुरुषानं बाईच्या कमरेला हात लावून नाचायचं म्हणजे काय! 1816 साली लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्रानं या नाचाला अश्लील ठरवून राग काढला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या घरातला एखादा काका मांडवात भुवया उंचावणार आहेच. तर काकांना सांगा, लंडनवालेही आधी असेच चिडले होते.

आता गाण्याकडे. बहुतेक जोडपी गाणं निवडतात ते रीलवर पाहून. गाणं आवडतं, नटनटी आवडतात, धूर आवडतो. मग तालमीला उभे राहतात आणि चौथ्या पावलाला एकमेकांचे पाय तुडवतात. चूक पायांची नसते. गाणं चाराचं असतं आणि नाच तिनाचा. आपल्या सिनेमातली बरीचशी प्रेमगीतं चाराच्या नाहीतर आठाच्या मापात असतात, म्हणजे केरव्याच्या चालीवर. त्यावर हात धरून डुलता येतं, वॉल्ट्झ करता येत नाही.

तिनाचं गाणं ओळखायचं कसं? रेडिओ जवळ असेल तर ऐका, मी टेबलावर बोटं वाजवतो. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. 'एक'वर जोर, 'दोन-तीन' हलके. वाद्यमेळात 'एक' खर्जातलं वाद्य देतं आणि 'दोन-तीन' वरच्या पट्टीतली वाद्यं देतात. तुमचं गाणं लावा आणि मांडीवर थाप द्या. चार-पाच वेळा मोजल्यावरही 'एक' जोराच्या जागेवरच पडत असेल तर गाणं तिनाचं. 'एक' घसरत घसरत भलतीकडे जायला लागला तर ते गाणं बाजूला ठेवा. कितीही आवडतं असलं तरी.

आणि मला नेहमी गंमत वाटते ती इथे. वॉल्ट्झची सगळ्यात सोपी पावलं चौकोनी. नवरदेवानं डावा पाय पुढे टाकायचा, उजवा बाजूला न्यायचा, डावा त्याला जुळवायचा. झाले तीन. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवायचा. आणखी तीन. नवरीनं याच्या बरोबर उलट, ती उजव्या पायानं मागे सुरू करते. चौकोन पुरा झाला सहा मोजांत. आणि सहा मात्रांचा ताल म्हणजे कोणता? आपला दादरा! धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर सम, चौथ्या मात्रेवर खाली. समेला डावा पाय, खालीला उजवा. ज्या पोराला भजनी मंडळात दादरा वाजवता येतो त्याला वॉल्ट्झची निम्मी विद्या येतेच, फक्त ती हातात असते, पायांत उतरवायची असते. टोकावडे बाजूच्या एका पखवाजवाल्या नवरदेवाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढंच होय!" आणि अर्ध्या तासात चौकोन घालायला लागला. त्याची नवरी मात्र इंजिनिअर होती. तिला तीन दिवस लागले.

हळदीच्या रात्री आपण ज्या कोळीगीतांवर नाचतो त्यांतल्या कितीतरींचा ठेका हाच सहाचा आहे, फक्त धावता. आत्या-मावश्या त्यावर तासभर नाचतात, एक ठेका चुकत नाही. म्हणून वॉल्ट्झ काहीतरी साहेबी, आपल्याला न जमणारं, असं समजून बिचकू नका. ठेका ओळखीचा आहे. त्याचा वेग फक्त अनोळखी आहे.

वेगाचंच बोलू, कारण फसगत तिथेच जास्त होते. वॉल्ट्झचे दोन प्रकार धरा. व्हिएन्नाचा जलद, त्यात मिनिटाला सुमारे 180 ठोके. इंग्रजी संथ, त्यात साधारण 84 ते 90. जलद प्रकार वर्षभर शिकलेल्यांसाठी. तुम्हाला लग्नाआधी आठ दिवस मिळणार, त्यातले चार पत्रिका वाटण्यात जाणार. संथच धरा. मोजायचं असं: घड्याळाचे वीस सेकंद लावा आणि 'एक' किती वेळा आला ते मोजा. दहाच्या आसपास आला तर उत्तम. पंधरा आला तर जमेल, पण पावलं छोटी ठेवा. वीस आला तर व्हिएन्ना आली म्हणून समजा.

योहान स्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब' अनेकांना ठाऊक असतं. 1867 साली पहिल्यांदा सादर झालेली रचना, जगातला सगळ्यात प्रसिद्ध वॉल्ट्झ. ती मी कुणालाच सुचवत नाही. सुरुवातीला लांबलचक संथ प्रस्तावना, मग वेग बदलत बदलत जातो. मांडवातले लोक म्हणणार, डीजेची वायर निघाली की काय.

आजकालच्या गाण्यांत दोन इंग्रजी गाणी फार मागितली जातात. क्रिस्टिना पेरीचं 2011चं 'अ थाउजंड इअर्स' आणि एड शीरनचं 2017चं 'परफेक्ट'. दोन्हींची घडण तिना-तिनाच्या गटांची आहे, दोन्ही चालतील. 'परफेक्ट'मधे मात्र ते छोटे तीन भराभर येतात. प्रत्येकावर पाऊल टाकायला गेलात तर दमछाक होईल. तिथे तीन मोजांना मिळून एकच पाऊल टाका आणि नुसते डुलत वळा. तो शुद्ध वॉल्ट्झ नव्हे, पण लग्नात परीक्षक बसवलेले नसतात.

हिंदीतच हवं असेल तर जरा मागे जा. आपल्याकडे हा ठेका सिनेमात रुजवला तो गोव्याच्या वादकांनी. सेबॅस्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशन यांचे संगीत संयोजक. व्हायोलिनांचे ताफे, अॅकॉर्डियन आणि 'एक-दोन-तीन' त्यांच्या हातचं. 1959च्या 'अनाडी'तलं मुकेश आणि लता मंगेशकरांचं द्वंद्वगीत घ्या. वॉल्ट्झच्या चालीचं, शब्दही नव्या जोडप्याला शोभणारे. एवढं जुनं गाणं कोण ऐकणार, असं मुलं म्हणतात. मी म्हणतो, लावून बघा, पहिल्या रांगेतले आजी-आजोबा खुर्चीतून पुढे सरकतात की नाही.

शंकर-जयकिशन यांच्याच संगीताचा 1960चा चित्रपट 'दिल अपना और प्रीत पराई'. त्यातलं नावेवरचं लताबाईंचं गाणं तर वॉल्ट्झसाठी हमखास मागतात. चाल अप्रतिम. पण प्रसंग आठवा. डॉक्टरचं लग्न दुसरीशी झालंय, त्या नव्या जोडप्याच्या मेजवानीत त्याच्यावर मनोमन प्रेम करणारी परिचारिका ते गाणं म्हणते. शहापूरजवळच्या एका स्वागतसमारंभात ते वाजलं तेव्हा नवरीच्या मामांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, मुलाचं आधी कुठे काही होतं का हो?" तेव्हापासून मी शब्द आधी वाचायला लावतो. इंग्रजी गाण्याचेही. चाल गोड आणि आशय ताटातुटीचा, अशी गाणी थोडीथोडकी नाहीत.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर मांडोचं नाव घेतलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत हा गीतप्रकार बहरला. संथ, बहुतांशी तिनाच्या मापाचा, सोबत व्हायोलिन आणि घुमट. लग्नात म्हणायचा, आणि स्त्री-पुरुष समोरासमोर रांगा करून अगदी मर्यादेनं नाचायचे. आपल्याला शिकण्यासारखं त्यातलं अंतर आहे. वसई पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, 2014 साली पालघर वेगळा झाल्यावर ती तिकडे गेली. तिथल्या ख्रिस्ती लग्नांत नवरा-नवरी पहिला वॉल्ट्झ नाचतात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे सासू-सासऱ्यांसमोर कमरेला हात लावायला संकोच वाटत असेल तर लावू नका. दोन्ही हात हातात, मधे हातभर अंतर. चौकोन तेवढ्यातही सुरेख होतो.

आता जागा. लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकलेला मंच, त्यावर गालिचा, त्यावर तो सिंहासनासारखा सोफा. नाचायला उरते सहा-सात फूट जागा. खरा वॉल्ट्झ दालनभर सरकत जातो, इथे सरकलात तर खाली केटररच्या अंगावर. म्हणून चौकोनच. गालिच्यावर रबरी तळव्याचा बूट अडकतो, गुळगुळीत तळव्याचा घाला. नवरीनं नऊवारी नेसली असेल तर काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, खरं तर वॉल्ट्झला नऊवारी फार सोयीची. शालू किंवा घेरदार घागरा असेल तर नवरदेवाचा पुढे येणारा पाय नेमका काठावर पडतो. तिथे गाणं आणखी संथ हवं.

डीजेवाल्या दादाला दोन गोष्टी सांगा. एक, बास कमी करा. बंद करू नका, कारण वॉल्ट्झचा 'एक' बासमधेच असतो. पण हळदीच्या नाचासाठी लावलेला बास तसाच ठेवला तर 'एक'चा घुमारा 'दोन'वर पसरतो आणि पायांना काही कळेनासं होतं. दोन, गाणं पेनड्राइव्हवर द्या. फोन जोडला की मधेच कुणाचा तरी कॉल येतो. आणि हो, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्यानं बंदी आहे, 2000 सालचे नियम आहेत ते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. कपल डान्स साडेदहाला ठेवून पोलीस आले की गाण्याला दोष देऊ नका.

डीजे नसेल, बेंजो पार्टी असेल, तर उलट बरं. ऑक्टोपॅडवाल्या पोराला "संथ दादरा, सुरुवातीला फक्त पहिल्या मात्रेवर जोर" एवढं सांगितलं तरी पुरे. बेंजोवाल्याला एखादं जुनं भावगीत दादऱ्यात येतच असतं. जिवंत वादकाचा मोठा फायदा असा की पाय चुकले तर तो थांबून घेतो. पेनड्राइव्ह कुणासाठी थांबत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हट्टी आहे. धवलारीण आजी लग्नाचे धवळे गायला बसली असेल तेव्हा मंचावरचा आवाज पूर्ण बंद. धवळ्यांची परंपरा मराठीत तेराव्या शतकातल्या महदंबेपर्यंत जाते. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या वारली घरांत तर लग्न लावते तीच धवलेरी. तिच्या गाण्याला ना माइक ना ठेका धरणारा, त्यावर स्पीकर चढवला की ते मरतं. कपल डान्स स्वागतसमारंभात ठेवा, विधीच्या वेळी नको. पाडलीच्या बाजूच्या एका घरात मी हे सांगितलं तर नवरी म्हणाली, "मास्तर, मग आजीच्या धवळ्यावरच नाचू का?" मी ऐकून पाहिलं. त्याला बांधलेला ठेकाच नव्हता, आजी श्वास संपेल तिथे थांबत होती. त्यावर नाचायला वॉल्ट्झ कामाचा नाही.

गाण्याची लांबी. पूर्ण गाणं लावू नका. दोन ते अडीच मिनिटं. त्यानंतर पाहुण्यांचं लक्ष पंगतीकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. गाणं कापताना कडव्याच्या शेवटी कापा, हळूहळू विरत जाणारा शेवट टाळा. आवाज विरला तर कधी थांबायचं ते जोडप्याला कळत नाही, दोघं उगाच फिरत राहतात आणि टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते लोकांना कळत नाही. शेवटच्या 'एक'वर दोघांचे पाय जुळलेले हवेत. तिथे गाणं थांबलं पाहिजे.

तालीम गालिच्यावर करू नका, अंगणात करा, लग्नातलेच बूट-चपला घालून. पहिले दोन दिवस गाणं लावूच नका. कुणीतरी टाळी वाजवावी, दोघांनी मोठ्यानं मोजावं. तिसऱ्या दिवशी गाणं. आणि लग्नाच्या दिवशी मोजणं मनातल्या मनात करा. मुरबाडच्या एका हॉलमधे नवरदेवाच्या शेरवानीला व्हिडिओवाल्यानं कॉलरमाइक लावला होता आणि तो काढायचा राहिला. सगळ्या हॉलनं ऐकलं, "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, अगं उजवा, उजवा!" तिसऱ्या फेरीला मागच्या रांगेतली पोरंही मोजायला लागली, आणि त्या दोघांचं एकही पाऊल चुकलं नाही.