भारत आणि इस्रायल यांतील मराठी दुवा

दोन राष्ट्रांच्या मैत्रीचा विचार आपण सामान्यतः राजदूत, करारनामे आणि पंतप्रधानांच्या भेटी यांच्या आधारे करतो. परंतु भारत आणि इस्रायल यांच्या संबंधांत आणखी एक घटक आहे, आणि तो मराठी बोलतो. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या समाजाची परंपरागत समजूत अशी, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, दिवेकर, झिराडकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली. प्रार्थना हिब्रू भाषेत, पण घरातील बोली मराठी. एलिया प्रेषिताचे स्मरण ते पोहे, खोबरे आणि गूळ यांच्या मलिद्याने करीत. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. आपला धर्म न सोडता ही मंडळी पुरती मराठी झाली, आणि शेजाऱ्यांनी त्यांना त्यासाठी कधी छळले नाही.

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली. त्या वेळी भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. त्यांतील बहुसंख्य पुढील काही दशकांत तिकडे गेले. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली आणि १९५३ मध्ये मुंबईत इस्रायलची कॉन्सुलेट सुरू झाली. मात्र अरब राष्ट्रांशी असलेले संबंध आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न लक्षात घेऊन भारताने पूर्ण राजनैतिक संबंध जोडले नाहीत. ते जुळले २९ जानेवारी १९९२ रोजी, पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान असताना. मधल्या ४१ वर्षांत दोन्ही राजधान्यांत वकिलाती नव्हत्या. परंतु कोकणातील घरे आणि इस्रायलमधील घरे यांच्यामध्ये आप्तसंबंध होते.

या लोकांचे तेथील आरंभीचे दिवस सुखाचे नव्हते. वर्णावरून भेदभाव होतो, अशी तक्रार करीत काही जण १९५२ मध्ये भारतात परतले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी कित्येक शतके एकाकीपणे शब्बाथ पाळला, त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली! समाजाने निदर्शने केली, सत्याग्रह केला. अखेर १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत समान ज्यू असल्याचे जाहीर केले. तो मान त्यांनी स्वतः झगडून मिळविला. दोन राष्ट्रांच्या मैत्रीची खरी कसोटी मला येथे दिसते. दुवा ठरलेल्या लहानशा समाजाला दोन्हीकडे ताठ मानेने राहता आले पाहिजे.

मैत्री म्हणजे प्रत्येक प्रश्नावर होकार नव्हे. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाइनच्या राष्ट्रालाही मान्यता दिली आणि १९९२ नंतरही ती कायम ठेवली. एकाशी स्नेह जोडताना दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवावी लागत नाही.

आम्हा नंदगडकरांना हा विषय दूरचा वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. भाषा आणि सीमारेषा एकमेकींच्या मापाने बेतलेल्या नसतात, हे आम्ही रोज पाहतो. दोन राज्ये आणि दोन राष्ट्रे यांची बरोबरी होत नाही, हे खरे. परंतु एका भूमीशी निष्ठा ठेवून दुसऱ्या भूमीची भाषा हृदयाशी धरणे ही लबाडी नव्हे, एवढे आम्हांस उमजते.

इस्रायलमधील मराठी मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक काढून अनेक वर्षे चालविले. २०१७ साली भारतीय पंतप्रधानांनी इस्रायलला प्रथमच भेट दिली, तेव्हा सक्तीची सैनिकी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे ओळखपत्र मिळेल, अशी घोषणा झाली. हे योग्यच झाले. पण आजीची मराठी नातवाच्या हिब्रूत विरून जात असेल, तर ओळखपत्र ती परत आणू शकत नाही. अलिबागच्या इस्रायल आळीतील आणि रेवदंड्यातील प्रार्थनामंदिरे नीट राखणे, तेथे आलेल्या पाहुण्याशी त्याच्या आजीच्या भाषेत दोन शब्द बोलणे, आणि आपल्या मुलांना शाळेत या शेजाऱ्यांचा इतिहास सांगणे, एवढे तर आपल्या हाती आहे. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही.